रोझा वन: मुखपृष्ठाला शोभणारा देवनागरी फॉन्ट

इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा रोझा वन गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. देवनागरी आणि रोमन एकाच फाइलमध्ये. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसाएवढी. दागिन्यांच्या जाहिरातीत, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर फार देखणा दिसतो.

मथळा ३६ पॉइंटांच्या वरच ठेवा. लहान आकारात काळ्यावर पांढरी अक्षरं छापली की शाई पसरून बारीक रेघा बुजतात. वजन, म्हणजे अक्षरांची जाडी, एकच आहे. वेबपेजवर मथळा आपोआप बोल्ड होतो, ब्राउझर खोटा जाडपणा चढवतो आणि सगळा डौल जातो. म्हणून वेबपेजच्या सीएसएसमध्ये (मांडणीच्या कोडमध्ये) फॉन्ट-वेट ४००, म्हणजे साधी जाडी, लिहाच. अक्षरांतलं अंतर शून्य, नाहीतर शिरोरेषा तुटते. उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत असतील तर लाइन-हाइट (ओळीची उंची) १.३ करून पाहा. खालच्या मजकुराला ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा मुक्ता हा फॉन्ट छान जुळतो.