'कोसला' तिसऱ्यांदा वाचताना

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' मी या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा वाचली आणि इतकी वर्षे आपण या पुस्तकाच्या निम्म्याच भागावर प्रेम करत होतो, हे प्रथमच ध्यानात आले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीविषयी बोलणारे बहुधा पुण्यातल्या वसतिगृहाविषयीच बोलतात. जळगावला कॉलेजात असताना मीही कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या तिथल्या उचापती, त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'सकट, मित्रांना मोठ्याने वाचून दाखवत असे. या खेपेस ती यावल तालुक्यातल्या घरी, ओसरीवर बसून, केळीच्या बागेला पाणी चालू असताना वाचली. मन गुंतले ते पुण्यात नव्हे, पांडुरंगाच्या गावात, सांगवीत.

पांडुरंग मेसचा सेक्रेटरी होतो, पैशांचे हिशेब विस्कटतात आणि भार अखेर गावाकडच्या वडिलांवर येतो. विसाव्या वर्षी हा मजकूर मला केवळ गमतीचा वाटला होता. आता माझा मुलगा बाहेरगावी शिकतो आणि त्याच्या फीची जुळवाजुळव केळीच्या भावावर ठरते, त्यामुळे त्याच पानांवर मी वडिलांच्या बाजूने वाचत होतो आणि तरीही पांडुरंगाचा राग येत नव्हता. दोघांनाही आपापल्या जागी खरे ठेवणे नेमाडे यांना पंचविशीत साधले, याचे मला फार मोल वाटते.

पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग मी एका बैठकीत पुरा करू शकलो नाही. तिथे शोकाचे मोठे शब्द नाहीत, लहान तुटक वाक्ये आहेत, आणि आमच्याकडे घरात मयत झाल्यावर माणसे जशी अर्धवट बोलून गप्प होतात, तशीच ती थांबतात.

उणिवाही आहेत. कॉलेजातल्या मंडळांचे आणि निवडणुकांचे वर्णन लांबले आहे. घरातल्या बायका, विशेषतः आई, निवेदकाच्या चिडीपलीकडे पुरेशा दिसत नाहीत, हे मला या वाचनात सलले.

'कोसला' आवडलेल्यांनी नेमाडे यांचीच २०१० सालची कादंबरी 'हिंदू' घाईने हाती घेऊ नये. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या अखेरच्या आजारपणासाठी मोरगावला परतणारा खंडेराव शेती, नाती, जाती आणि पूर्वज यांचा एवढा पसारा मांडतो की रोज वीस पानांपेक्षा जास्त मला झेपले नाही. मात्र खानदेशी बोलीचा कान असलेल्याला त्यातली माणसे शेजारच्या गल्लीतली वाटतील.

दिवाळीला मुलगा घरी आला की 'कोसला'ची माझी जुनी प्रत त्याच्या हाती देणार आहे. वसतिगृहाची पाने त्याने आधी वाचली तरी चालेल.