ब्रेक लाइटचा स्विच: लोकल नको, आणि घेण्याआधी एवढं तपासा

ब्रेक पॅडलच्या दांड्यावर टेकलेला, आट्यांचा, दोन पिनांचा स्विच. दुकानात कंपनीचा आणि लोकल असे दोन्ही मिळतात. कंपनीचाच घ्या. प्लंजर, म्हणजे स्विचच्या टोकाची आत-बाहेर होणारी दांडी, अंगठ्याने जरा तिरका दाबून बघा. पॅडल वर असताना तो आत दाबलेला राहतो आणि दिवे बंद असतात; ब्रेक दाबला की तो बाहेर येतो आणि दिवे लागतात. चांगला स्विच तरीही एकसारखा आत जातो आणि सोडताच टपकन बाहेर येतो. जो आत अडकतो, तो गाडीत अडकला की ब्रेक दाबूनही मागे दिवे लागणार नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत ह्युंडाई आणि किआने १६ लाखांहून जास्त गाड्या याच स्विचपायी परत बोलावल्या होत्या, इतका हा छोटा पार्ट महत्त्वाचा आहे.

पण आधी स्विचच गेलाय का ते बघा. एकच दिवा बंद असेल तर बल्ब गेलाय. काचेतल्या वरच्या दिव्यासकट सगळे बंद असतील तर पहिल्यांदा फ्यूज. तो ठीक असेल तर स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, चावी ऑन ठेवा आणि कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. दिवे लागले म्हणजे स्विच बाद. चार पिनांच्या कपलरवर हा प्रयोग करू नका, तिथे मल्टिमीटरच हवा.

दिवे बंदच होत नसतील तर स्विचवर पैसे घालवण्याआधी खाली मॅटवर बघा. प्लास्टिकचा ठिसूळ चुरा सापडला तर पॅडलवरचा स्टॉपर, म्हणजे प्लंजर ज्यावर टेकतो ती पॅडलच्या भोकात बसवलेली गुंडी, तुटलाय. प्लंजर त्या भोकातून बाहेर येतो आणि दिवे रात्रभर जळतात. २१ वॅटचे नुसते दोन बल्ब साडेतीन अँपिअर खातात, ४५ एएचची बॅटरी सकाळपर्यंत झोपते. नवा स्टॉपर बसवला की काम झालं.

बसवताना बॅटरीची मायनस काढा, स्विच जागी धरणारा चेकनट ढिला करा (बहुतेक १४ चा पाना), जुना स्विच फिरवून काढा. नवा स्विच फिरवून बसवताना कपलर लावू नका, नाहीतर वायरींना पीळ बसतो. आट्यांचं टोक आणि स्टॉपर यांत साधारण १ मिमी फट ठेवा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. स्विच जास्त आत गेला तर पॅडल पूर्ण वर येत नाही, ब्रेक घासत राहतात, चाकं तापतात. जास्त बाहेर राहिला तर दिवे विझत नाहीत. चेकनट आवळताना स्विच सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर फट पुन्हा मोजा.

ऑटोमॅटिक गाडीचा स्विच बऱ्याचदा वेगळा असतो. पार्ट नंबर जुन्यावरून जुळवूनच पैसे द्या.