जुन्या शेवरोलेचं हेड: नुसतं बांधायचं, पोर्ट करायचं की इंजिनच बदलायचं?

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून बोरिंगवाल्याच्या टेबलावर उलटं ठेवलं की तो पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धुराच्या वाटेत, बोट फिरवतो आणि विचारतो, "साहेब, खोललंच आहे तर पोर्ट पण मारून टाकू?" पोर्ट मारणं म्हणजे ही वाट घासून मोठी आणि गुळगुळीत करणं. या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून गेलेलं बरं. टेबलाशी उभा असलेला माणूस हमखास हो म्हणतो.

माझ्याकडे १९४७ ची फ्लीटमास्टर आहे, त्यामुळे इथे जे लिहितोय ते शेवरोलेच्या २१६ (घन इंचांच्या) इंजिनाबद्दल. सहा सिलिंडर एका रांगेत, साडेतीन लिटर, वॉल्व वर हेडमध्ये. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला, म्हणून हे इंजिन मुंबईच्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून भरपूर गेलेलं आहे. तुमची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरने जुळवलेली डॉज किंवा प्लिमथ असेल, तर तिचं इंजिन साइड-वॉल्व. तिथे वॉल्व आणि पोर्ट खालच्या ब्लॉकमध्ये असतात आणि हेड म्हणजे वरचं झाकण. अशा गाडीचं "हेड पोर्टिंग" करून देतो म्हणणाऱ्याकडे चहा प्यावा आणि निघावं.

२१६ वाल्यांपुढे चार रस्ते आहेत. डिझेल इंजिन टाकण्याचा पाचवा मी मोजत नाही.

पहिला रस्ता म्हणजे आहे तेच हेड नीट बांधणं. गाईड (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) बदलायचे, सीट (वॉल्व टेकतो ती कडा) कापायच्या, वॉल्व लॅप करायचे म्हणजे सीटवर घासून बसवायचे, फेस मारायचा म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग सपाट करायचा. हे काम दिसायला साधं, पण "गाडीत जीव राहिला नाही" अशा निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. झिजलेल्या गाईडमधून वॉल्व डुलतो, सीटवर सरळ बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. इथे एकच खरा निर्णय घ्यायचा असतो, एक्झॉस्टला कडक सीट बसवायच्या की नाही. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली देशभर बंद झालं, आणि शिसं नसेल तर बीडाची मऊ सीट हळूहळू खचते. पण ते होतं सतत ताणाने चालणाऱ्या गाडीत. महिन्यातून दोन रविवार मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या गाडीच्या सीट टिकून असतील, तर मी त्या उकरणार नाही. सीटसाठी खड्डा घेताना हत्यार पाण्याच्या जॅकेटमध्ये (हेडमधल्या पाण्याच्या पोकळीत) घुसलं, तर ऐंशी वर्षांचं हेड भंगारात जातं.

त्याआधी क्रॅक तपासायची. या हेडमध्ये २-३ आणि ४-५ या सिलिंडरांचे एक्झॉस्ट वॉल्व शेजारी शेजारी आहेत. सगळ्यात जास्त ताप तिथेच. मुंबईत वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या रेडिएटरमुळे जॅकेटमध्ये गाळ साचतो आणि ताप आणखी वाढतो. सीटच्या मधल्या पट्टीवर लाल डाय (भेगेत शिरणारा रंग) मारून बघा आणि हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. क्रॅक निघाली तर पुढचे सगळे बेत थांबवा.

दुसरा रस्ता मला सगळ्यात पटतो. पोर्ट मोठा करायचा नाही, फक्त सीटच्या खालचा साधारण अर्धा इंच भाग साफ करायचा. कास्टिंगची धार, सीट कापताना राहिलेली पायरी, गाईडभोवतीचा ढेकूळ. हवा वळते ती तिथे, आणि अडतेही तिथेच. सीटला एकाऐवजी तीन कोन द्यायचे: बसायची जागा वॉल्वच्या कडेच्या कोनाची, तिच्या वर कमी कोन, खाली जास्त. मॅनिफोल्डची गास्केट लावून तोंडं जुळवून घ्यायची. इनटेकला आरशासारखं पॉलिश नको. पृष्ठभाग किंचित खरखरीत राहिला तर पेट्रोल भिंतीला चिकटून ओघळत नाही. एक्झॉस्ट हवा तर चकचकीत करा, कार्बन कमी धरतो.

त्याच खेपेत कॉम्प्रेशन थोडं वाढवता येतं. मूळ प्रमाण ६.५ ला १, म्हणजे तेव्हाच्या हलक्या पेट्रोलसाठी बेतलेलं. आजचं साधं पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचं, त्यामुळे सव्वासातपर्यंत जायला हरकत नाही. हिशोब सोपा आहे. एका सिलिंडरची क्षमता सुमारे ५९१ सीसी; ६.५ च्या प्रमाणात वर उरणारी जागा १०७ सीसीच्या आसपास, ७.२५ साठी ती ९५ वर आणायची, म्हणजे बारा-तेरा सीसी कमी करायचे. ते किती थाऊ (इंचाचे हजारावे भाग) कापल्यावर होतील हे चेंबरचा (हेडमधल्या त्या पोकळीचा) आकार बघून ठरतं, तेव्हा "सगळे साठ थाऊ मारतात" हे ऐकून कापू नका. चेंबरवर पर्स्पेक्सची पट्टी ठेवायची, ब्युरेटने (खुणा असलेल्या काचेच्या नळीने) रॉकेल सोडायचं आणि मोजायचं. कापल्यावर हेड खाली येतं, म्हणून वॉल्व उघडणाऱ्या रॉकरचा कोन आणि पुशरॉडची लांबीही बघायला हवी. हे विसरलं की टॅपेट कितीही सेट करा, आवाज जात नाही.

तिसरा रस्ता रुबाबाचा: पूर्ण पोर्टिंग, मोठे वॉल्व, दोन कार्बोरेटर. याच्या मी विरोधात आहे, आणि त्याची कारणं हेडमध्ये कमी, खाली जास्त आहेत. २१६ च्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) ओतलेलं असतं, आणि त्यांना ऑइल मिळतं ते रॉडच्या टोकाच्या पळीने ट्रेमधलं ऑइल उडवून. वेग वाढला की नळ्यांतून त्यावर फवारा बसतो. मोठ्या पोर्टचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो, तर हे इंजिन आपले ९० हॉर्सपॉवर ३३०० आरपीएमलाच देऊन मोकळं होतं. वर जी ताकद मिळेल ती वापरायला गेलात की बेअरिंग गेलं.

दुसरं कारण हेडच्या घडणीतच आहे. इनटेकचे पोर्ट सहा नाहीत, तीन आहेत. एकात दोन सिलिंडर भागीदार. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. त्यात ३ आणि ४ आळीपाळीने सारख्या अंतराने श्वास घेतात, पण १ नंतर २ ची पाळी ४८० अंशांनी येते आणि २ नंतर १ ची २४० अंशांनीच. ५-६ चीही तीच तऱ्हा. म्हणजे एका घरात दोन भाऊ आणि जेवायच्या वेळा विचित्र. डाय ग्राइंडर कितीही फिरवा, ही वाटणी सुधारत नाही.

ओळखीतल्या एकाने हा रस्ता धरला. इनटेक पोर्ट स्टीलच्या ताटासारखे चमकत होते, फोटो सगळ्यांना पाठवून झाले. मग एका संध्याकाळी केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ. सेकंड गिअरमध्ये गाडी आधी खोकली, मग उचलली, मग परत खोकली. मागे बेस्टची बस हॉर्न देत उभी. पोर्ट रुंद झाला की हळू वेगात हवेचा जोर कमी होतो, आणि मुंबईत आपण हळू वेगातच असतो.

चौथा रस्ता म्हणजे सरळ शेवरोलेचंच मोठं, २३५ घन इंचांचं इंजिन बसवणं. ज्यांना जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जायचंय, त्यांना हेच सांगेन. दिसायला त्याच घराण्यातलं, पण १९५४ पासूनच्या सगळ्या २३५ मध्ये पूर्ण प्रेशर ऑइलिंग (पंपाच्या दाबाने ऑइल) आणि शेल बेअरिंग (ओतलेलं नाही, वेगळं बदलता येणारं). त्या वर्षी साध्या गिअरबॉक्सबरोबर ११५ हॉर्सपॉवर यायचे, म्हणजे पोर्टिंगमधून जे मागत होतो त्याहून जास्त, बेअरिंगची काळजी न करता. ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रकमधलं जुनं २३५ ऑइल उडवणाऱ्या जातीचंच निघू शकतं. वॉटर पंपाची आणि पंख्याची जागाही जुळवावी लागते.

अडचण कागदांची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. जुना नंबर ठेवून ती नोंदणी घ्यायचा विचार असेल, तर चौथा रस्ता विसरा, आणि तिसऱ्याबद्दलही आधी विचारून घ्या. सीट, गाईड आणि फेस ही नेहमीची दुरुस्ती आहे.

कोणताही रस्ता घ्या, शेवटी कार्बोरेटरचा जेट तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त, आणि पातळ मिश्रण एक्झॉस्ट वॉल्व जाळतं. फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

माझं हेड सध्या कुर्ल्याला बोरिंगवाल्या चाचांकडे आहे, दुसऱ्या रस्त्यावर. ब्युरेट मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून नेली तेव्हा चाचा हसले होते. सहा चेंबर मोजून झाले, तर सहावा बाकीच्यांपेक्षा चार सीसी मोठा. कोणीतरी कधीतरी तिथे सीट खोल कापलेली. चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा रॉकेल भरायला सांगितलं. दुसऱ्यांदाही चारच. फेस मारायचं काम आता पुढच्या आठवड्यावर गेलंय, आधी बाकीचे पाच सहाव्याशी जुळवायचे.