जिओफोन नेक्स्टचा हप्ता : दोन वर्षांच्या वहीतला हिशेब

मखमलाबादला राहणाऱ्या आमच्या आत्याला २०२१ च्या भाऊबीजेनंतर लगेचच जिओफोन नेक्स्ट हप्त्यांवर घेऊन दिला. ४ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, हा फोन बाजारात आला होता आणि त्याची रोख किंमत ६,४९९ रुपये होती; हप्त्याने घ्यायचा तर १,९९९ रुपये आगाऊ, ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क आणि पुढे १८ किंवा २४ महिने ठरावीक रक्कम, जिच्यात फोनचा हप्ता आणि रिचार्ज असे दोन्ही एकत्र धरलेले होते. हे एकत्र धरणेच या सौद्याचे मर्म होते, कारण त्यामुळे फोन कितीला पडला हे सहजासहजी कळत नाही. ते कळावे म्हणून मी त्या दिवसापासून वही ठेवली.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या ज्या दुकानात आम्ही आधी चौकशी केली, तेथील विक्रेता ‘महिना फक्त तीनशे’ यापलीकडे काही बोलायला तयार नव्हता. २४ महिन्यांच्या सर्वांत स्वस्त योजनेत महिन्याला ५ जीबी डेटा आणि बोलायला १०० मिनिटे मिळत असत, ही गोष्ट मी पत्रकातले बारीक अक्षर वाचून दाखवल्यावरच त्याने कबूल केली आणि वर, ‘आजींना कितीसं बोलायचं असतं?’ असे हसत विचारले. आत्या रोज संध्याकाळी दिवा लावून झाला, की सिन्नरला दिलेल्या लेकीशी अर्धा तास बोलते. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, ‘म्हणजे चौथ्या दिवशी माझं बोलणं बंद. मग उरलेला महिना या डबड्याचं काय करू?’ आम्ही ते दुकान सोडले.

या स्वस्त योजनेचा हिशेब मांडला, तर २,५०० अधिक २४ गुणिले ३००, असे एकूण ९,७०० रुपये होतात. त्याच सुमारास जिओचे २८ दिवसांचे, अमर्याद बोलण्याचे आणि २ जीबी डेटाचे रिचार्ज १२९ रुपयांना मिळत होते. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नव्हे, तर १३ रिचार्ज करावी लागतात (ही खोच बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही), म्हणून दोन वर्षांची २६ रिचार्ज आणि रोखीचा फोन मिळून ९,८५३ रुपये झाले असते. म्हणजे १५३ रुपये वाचवण्यासाठी आणि थोड्या जास्त डेटासाठी माणसाने आपले बोलणे दिवसाला जेमतेम तीन मिनिटांवर आणायचे होते. क्वचितच फोन लावणाऱ्या, पण व्हॉट्सॲपवर नातवंडांचे व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाला तीही योजना चालली असती, आत्याला नाही.

आम्ही महिना ४५० रुपयांची, रोज दीड जीबी डेटा आणि अमर्याद बोलणे असलेली योजना घेतली. तिचे एकूण १३,३०० रुपये होतात. रोख फोन आणि त्याच तोडीचे १९९ रुपयांचे रिचार्ज धरले, तर ११,६७३ रुपये झाले असते. म्हणजे त्या दिवशीच्या भावाने आमचा सौदा १,६२७ रुपयांनी महाग होता आणि मी तसे घरी स्पष्ट सांगितलेही होते. मात्र १ डिसेंबर २०२१ पासून जिओने दर वाढवले, १९९ चे रिचार्ज २३९ ला गेले आणि आमचा हप्ता तेवढाच राहिला. पहिले रिचार्ज जुन्या दराने आणि उरलेली २५ नव्या दराने मोजली, तर रोखीचा खर्च १२,६७३ पर्यंत पोहोचतो, आणि फरक उरतो ६२७ रुपयांचा. त्यातले ५०१ रुपये तर प्रक्रिया शुल्काचेच आहेत. उरलेल्या १२६ रुपयांत दोन वर्षांची उधारी, हे व्याज कोणत्याही पतपेढीत मिळणार नाही. अर्थात हा फायदा आमच्या हुशारीचा नव्हे, दरवाढीचा. दर खाली आले असते, तर हाच बांधलेला हप्ता गळ्यात पडला असता.

फोनबद्दल थोडक्यात. साडेपाच इंचांच्या आतबाहेरचा पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, ३,५०० एमएएचची बॅटरी. २०२१ मध्येसुद्धा २ जीबी रॅम तोकडीच होती, आणि दोन-तीन ॲप एकदम उघडली की थांबावे लागते. परंतु पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आत्याच्या दृष्टीने सगळ्या फोनच्या किमतीएवढी आहे. चष्मा देवघरात राहिला असला, तरी ती बटण दाबून भिशीच्या गटातला निरोप ऐकते आणि वाचणारा आवाज गावांची नावे चुकवतो म्हणून त्याला दुरुस्तही करते.

ज्याच्या हातात तेव्हा एकरकमी साडेसहा हजार होते, त्याने रोखच घ्यायला हवा होता. ज्याच्याकडे नव्हते, त्याच्यासाठी ४५० रुपयांची योजना रास्त होती आणि ३०० रुपयांची फसवी नसली, तरी अपुरी होती, असे माझे मत आहे. आता सिन्नरच्या आतेबहिणीने तिच्या मुलासाठी एअरटेलशी बांधलेल्या फोनबद्दल विचारले आहे. मार्च २०२४ मध्ये आलेला पोको एम६ ५जी ८,७९९ रुपयांना होता आणि त्यात १८ महिने एअरटेलचेच प्रीपेड सिम चालवण्याची अट होती. तेथे पैसे आधीच पूर्ण भरायचे, म्हणजे उधारी नाही, नुसतेच बंधन. तिच्या मुलाकडे एअरटेलचे सिम आधीपासून असेल आणि त्यांच्या गल्लीत त्याला रेंज असेल, तर ते बंधन त्याला जाणवणारही नाही. म्हणून मी तिला एवढेच कळवले आहे, की आधी घराच्या मागच्या खोलीत जाऊन एअरटेलच्या सिमवरून मला फोन लाव, मग किमतीचे बोलू.