आईची गर्भाची पिशवी काढली, तपासणीचा कागद कुणी दिलाच नाही

आई तेव्हा ३२ वर्षांची होती. कोल्हापूरकडचा ऊसतोडीचा हंगाम संपवून आम्ही बीडला परतलो होतो. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली आणि दहा मिनिटांत डॉक्टर म्हणाले, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना? मग काढून टाका." कॅन्सर म्हटल्यावर दादांच्या, माझ्या वडिलांच्या, तोंडून शब्द फुटेना.

ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाने ३५ हजार त्याच दिवशी दिले, पुढच्या उचलीत, म्हणजे आगाऊ मजुरीत धरून. माझ्या आजारपणाला हाच माणूस हजार रुपयांसाठी चार खेपा मारायला लावायचा. आता कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. बाई पाळीत आडवी पडली की खाडा, आणि आमच्या टोळीत एका खाड्याचे ५०० रुपये कापायचे. डॉक्टरांना बिल मिळालं, मुकादमाला खाडा न करणारी बाई मिळाली. दसऱ्यानंतर आई पुन्हा डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढत होती.

तिची कंबर गेली. रात्री अंगाची आग व्हायची. मी नर्सिंगला गेले तेव्हा तिची जुनी फाईल उघडली. सोनोग्राफीत सूज लिहिली होती, गाठ नव्हती. कॅन्सरची एकही तपासणी नाही. काढलेली पिशवी लॅबला पाठवलीच नव्हती. आणि दोन्ही अंडाशयंही काढली होती, अंगाची आग त्यानेच. सही घेताना हे कुणी बोललं नव्हतं. असं पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गाचं असतं, ते गोळ्यांनी बरं होतं.

२०१९ मध्ये सरकारी समितीपुढे बीडचे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. आई त्यांतलीच एक.

बायांनो, कुणी पिशवी काढायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. कागद घेऊन आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. कॅन्सर म्हणतात तर तपासणीचा रिपोर्ट मागा. अंडाशय ठेवणार की काढणार, हे सहीआधी विचारा. बीडमध्ये तर या ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची (सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांची) परवानगी लागते असा नियम केला गेला. तो कागद बघायला मागा. एकटीला बोलायचा धीर होत नसेल तर आशाताईंना सोबत न्या. आणि मुकादम न मागता पैसे देत असेल, तर त्या दिवशी दवाखान्यात जाऊच नका.