पहिली ब्रा कुठून घ्यायची: तुळशीबाग, मॉल की ऑनलाइन?

लेक सहावीत गेली आणि जूनमध्ये बघते तर बाईसाहेब दिवसभर वर्गात जर्किन घालून बसतायत. विचारलं तर म्हणे एसीत थंडी वाजते. शाळेत एसी नाहीये. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की शमीजवर आता भागत नाहीये आणि हे तिला माझ्या आधी कळलंय, फक्त बोलायचं कसं ते कळत नाहीये.

त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत आमची तिन्हीकडे खरेदी झाली, म्हणजे आधी रस्त्यावरचं दुकान, मग मॉल, मग ऑनलाइन, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी चुकलंच, त्यामुळे ज्यांच्या घरी आत्ता हा विषय निघालाय त्यांच्यासाठी लिहितेय. आमचं सगळं पुण्यातलं आहे, पण गाव कुठलंही असलं तरी पर्याय साधारण हेच.

आधी काय घ्यायचं ते, कारण दुकानात गेल्यावर "बिगिनर की स्पोर्ट्स की हुकवाली?" असा प्रश्न येतो आणि आपण एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतो. अगदी सुरुवातीला, नुसतं दुखरं वाटतंय, टी-शर्ट घासला तरी टोचतंय, एवढंच असेल तर पुढे दुहेरी कापड असलेली स्लिप किंवा छोटा क्रॉप टॉप पुरतो, ब्राची घाई नको. बिगिनर म्हणजे त्याच्या पुढची पायरी, डोक्यातून घालायची, हुक नाही, पॅड नाही, खाली रुंद इलॅस्टिक. आमच्याकडे हीच सगळ्यात जास्त वापरली जाते. स्पोर्ट्स ब्रा पीटीच्या दिवशी, डान्सला, बॅडमिंटनला झकास, पण ती घट्टच असते, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत रोज घालायला मुली वैतागतात आणि घामाने भिजली की काढताना कुस्ती. हुकवाली खरी गरज पडेल तेव्हा, म्हणजे बिगिनरमध्ये पुरेसा आधार मिळत नाहीये असं ती स्वतः म्हणेल तेव्हा. वायरवाली तर या वयात नकोच, अंग बदलतंय, वायर एका जागी बसते आणि रुतते.

एक मध्येच सांगते, छातीच्या एका बाजूला आधी वाढ सुरू होणं, तिथे छोटी दुखरी गाठ लागणं, हे अगदी नॉर्मल आहे. माझी लेक दोन आठवडे कॅन्सर झाला असं समजून गप्प होती, नंतर सांगितलं तेव्हा पोटात कालवलं माझ्या. साधारण ८ ते १३ वर्षांत कधीही हे सुरू होतं. ८ च्या आधीच दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता माप. हे घरीच घ्या, कुठेही जायचं असलं तरी. शिवणकामाची टेप तिच्या हातात द्यायची, आरशासमोर पातळ टी-शर्टवरूनच, आपण दाराबाहेर उभं राहून सूचना द्यायच्या, पाहिजे असेल तर बोलावेल ती. छातीच्या बरोबर खाली टेप सरळ आडवी, श्वास सोडून, आणि दुसरं माप सगळ्यात पुढच्या भागावरून, टेप न आवळता. समजा खालचं माप २७ इंच आलं आणि वरचं २९, तर पट्ट्याचा, म्हणजे छातीखालून फिरतो त्याचा, नंबर २८ धरायचा, आणि वरचं माप या नंबरापेक्षा एक इंच जास्त असेल तर ए कप (कप म्हणजे पुढच्या भागाचा आकार), दोन असेल तर बी, तीनला सी. इथे सगळा घोळ होतो तो जुन्या हिशोबाने, खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर सांगायची जी पद्धत अजून बऱ्याच काउंटरवर चालते त्याने. २७ वाल्या मुलीला ३२ हातात मिळते, मागून पट्टा वर चढतो, खांद्याच्या पट्ट्या घसरतात, आणि मुलगी म्हणते मला ब्राच आवडत नाही.

आमचं पहिलं दुकान असंच निघालं. बाजारपेठेतलं, नाव नाही सांगत, कपड्यांचं जुनं आणि चांगलं आहे बाकी. काउंटरवर दादा होते, त्यांनी लेकीकडे एकदा बघितलं आणि वरच्या माळ्यावरच्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, बत्तीसचा डबा टाक, लहान मुलीचा!" बाजूला एक काका बनियन घेत होते. लेकीने माझ्या ओढणीचं टोक धरलं ते थेट पार्किंगपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर घालून दोन्ही हात वर केले तर पट्टा सरळ वर सरकला, म्हणजे सैल. बदलायला गेले तर "आतले कपडे परत घेत नाही ताई", तेही बरोबरच आहे त्यांचं, कोण घेईल. ती ब्रा अजून कपाटात पडून आहे.

म्हणून छोटी दुकानं वाईट असं अजिबात नाही हं. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या आसपास अशीही दुकानं आहेत जिथे काउंटरला फक्त बायका असतात आणि तिथल्या मावशींना नजरेनेच माप कळतं, "हिला हुक नको गं, साधी दे" असं हळू आवाजात सांगतात, आणि भावही परवडतो, सुती साधी बिगिनर दीडशे-दोनशेत मिळते. अडचण एकच, तुळशीबागेत ट्रायलची सोय मी तरी पाहिली नाही आणि रविवारी संध्याकाळी तिथे उभं राहायलाही जागा नसते. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, दुकान आधी एकटीने बघून या, कोण असतं काउंटरला ते बघा, आणि मग लेकीला न्या.

मॉलमधल्या किंवा ब्रँडच्या दुकानात उलट आहे. ट्रायल रूम आहे, दाराला कडी आहे, आणि खरं सांगते त्या कडीचेच पैसे आपण देतो, पण पहिल्या वेळी द्यावेत. जॉकीमध्ये मुलींचं वेगळं सेक्शन असतं आणि त्यात साइज वयावर असते, ९-१०, ११-१२ अशी, त्यामुळे कप-बिपची चर्चाच होत नाही, मुलींना ते बरं वाटतं. पण वयावर विसंबू नका, अंगाने थोराड किंवा अगदी बारीक मुलीला ते लागू पडत नाही, एक साइज वरची-खालची बरोबर आत न्यायची. डेकॅथलॉनला स्पोर्ट्सचे टॉप मिळतात, तिथे सगळीच पोरं-पोरी ट्रॅक पँटी घालून बघत असतात त्यामुळे 'आतल्या कपड्यांच्या दुकानात आलोय' असं वाटतच नाही, ही फार मोठी गोष्ट आहे लाजऱ्या मुलीसाठी. तोटा म्हणजे किंमत, स्लिपसारख्या दिसणाऱ्या वस्तूला चारशे-पाचशे द्यायचे आणि सहा महिन्यांत ती लहान होणार. शिवाय सेल्सगर्ल टेप घेऊन सरळ आत येऊ बघते. लेकीला आधी विचारा, माप घेतलेलं चालेल का, आणि नाही म्हणाली तर तिच्या वतीने आपण हसून नाही म्हणायचं. आमचं माप घरीच घेतलेलं होतं, गरज पडली नाही.

ऑनलाइन. झिवामे, क्लोविया या आतल्या कपड्यांच्या साइट्स, शिवाय नेहमीच्या मोठ्या साइट्स, सगळीकडे टीनएजरचा कप्पा आहे. लेकीला सगळ्यात हेच आवडलं, रात्री माझ्या फोनवर स्क्रोल करत बसली, स्वतः रंग निवडले, कोणाशी बोलावं लागलं नाही. मला मात्र कापड हाताला लागल्याशिवाय कळत नाही. फोटोत कॉटन दिसतं आणि हातात येते ती चकचकीत निसरडी जाळी, मे महिन्यात घालून दाखवा. तर वर्णनात कापड काय लिहिलंय ते वाचायचं, बहुतेक कॉटन आणि थोडं इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असं असलं की ठीक. दुसरं म्हणजे रिटर्न. कुठे बदलून मिळते, कुठे काहीच नाही, ऑर्डरच्या आधी त्या वस्तूखाली काय लिहिलंय ते बघा, आणि पहिल्यांदाच तीनचा सेट मागवू नका. आम्ही मागवला, तिन्ही काखेत काचतात.

मग काय करावं? माझं मत विचाराल तर पहिली खरेदी ट्रायल रूम असलेल्या दुकानातून, दोनच घ्यायच्या, आणि नंबर व मॉडेल एकदा पक्कं झालं की तेच ऑनलाइन मागवायचं किंवा साध्या सुती तुळशीबागेतून आणायच्या. मुलगी बाहेर यायलाच तयार नसेल तर उलट करा, माप घरी, ऑनलाइन एक-एक मागवा, घाई नको. बाबा एकटे असतील तर आत्या-मावशी-शेजारची काकू यांच्यातली जी मुलीला आवडते ती, बाबांना सोयीची वाटते ती नाही.

ट्रायल रूममध्ये तिने काय बघायचं ते आधी घरी सांगून ठेवा, तिथे दाराबाहेरून ओरडू नका. हात वर केले तर खालचा पट्टा जागेवर राहिला पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, चार जात असतील तर सैल. वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं करायचं, तेव्हाही काही सरकता कामा नये. हुकवाली असेल तर नवी असताना सगळ्यात बाहेरचा, सैल हुक लावल्यावर नीट बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन इलॅस्टिक ढिलं पडतं आणि आतले हुक मग कामाला येतात. आणि पांढऱ्या युनिफॉर्मच्या आत पांढरी घेऊ नका, जास्त उठून दिसते, अंगाच्या रंगाच्या जवळची घ्या. हे मला माझ्या आईने कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा आमच्याकडे आजी नुसतं बॉडीस म्हणायची आणि विषय संपायचा.

रात्री घालून झोपायची गरज नाही, नाही घातली तर आकार बिघडतो वगैरे काही नसतं. मशीनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत. वाळत घालताना लेक अजून टॉवेलखाली लपवते, मग ती वाळत नाही, दुसऱ्या दिवशी ओलसर वास येतो आणि सकाळी साडेसहाला रडारड. आता तिच्या खोलीच्या खिडकीत एक छोटी दोरी बांधून दिलीय, ऊन तिथेही येतं. पुढचं माप दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचं ठरलंय, टेप तिने तिच्याच ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलीय.