ग्लुटेन बंद केल्यावर वाढलेलं वजन आणि सहा महिन्यांची आहारसल्ला सेवा: माझा अनुभव

सिलिअ‍ॅकचं (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं) निदान झालं तेव्हा माझं वजन ४२ किलो होतं. त्याआधी कित्येक वर्षं ते ५४ च्या आसपास असायचं. ग्लुटेन बंद केलं आणि चार महिन्यांत ४९ वर आले, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण वाढ तिथे थांबली नाही. दहाव्या महिन्यात काटा ६३ दाखवत होता. सैल झाले म्हणून शिवून आत घेतलेले कपडे आता उसवूनही अंगात शिरेनात. जुलाब थांबले होते, पोट शांत होतं, तरी काट्यावरून उतरताना रडू यायचं. अशा वेळी मी एका ऑनलाइन आहारसल्ला सेवेत सहा महिन्यांसाठी नाव नोंदवलं. मुदत नुकतीच संपली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आवडलेली गोष्ट. माझ्या आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या कॉलमध्ये वजन कमी करण्याचा एक शब्द काढला नाही. निदानाच्या वेळचे आणि आत्ताचे रिपोर्ट मागितले: टीटीजी (या आजाराची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, बी-१२. मग कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. ग्लुटेनमुळे माझी प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उलटली, ते झिजून सपाट झाले आणि खाल्लेलं शोषलंच जाईना. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि मार नेमका तिथेच बसतो, म्हणून गोळ्या घेऊनही माझं रक्त वाढत नव्हतं. ‘पहिले सात किलो ही तुमची भरपाई होती, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका,’ असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मला कुणी आठ महिने आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या वजनाचा हिशेब मात्र वेगळा होता. दुसऱ्या कॉलला त्यांनी मला घरातली ग्लुटेन-फ्री पाकिटं टेबलावर मांडायला लावली. अकरा निघाली. एकेक उचलून मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायचा. तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, साखर, पाम तेल. पुढच्या पाकिटावर बटाट्याचा स्टार्च, साखर, पुन्हा पाम तेल. तंतू आणि प्रथिनं नावालाच. पाचव्या-सहाव्या पाकिटापर्यंत मला माझाच आवाज ऐकवेना. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलंय म्हणजे तब्येतीला चांगलं, असं धरून मी बिस्किटं खात होते. शिवाय आजारपणात, काहीच अंगी लागत नसताना, जेवढं खायची सवय लागली होती तेवढंच अजून खात होते. आता आतडं शोषायला लागलं होतं आणि माझं ताट तसंच होतं.

त्यांनी उपास सांगितला नाही. भात, डाळी, अंडी, भाज्या, फळं, मूठभर शेंगदाणे, असं मुळातच ग्लुटेन नसलेलं अन्न पुढे आणलं आणि पाकिटं आठवड्यातून दोनदावर आणली. सहा आठवडे काट्यावर चढायला मनाई. त्याऐवजी रोज वहीत तीन ओळी: झोप कशी लागली, पोट कसं होतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत किती वेळा थांबावं लागलं. पहिल्या पानावर ‘दोनदा’ आहे. पाचव्या आठवड्यात एका ओळीत नुसतं शून्य आहे आणि ते मी दोनदा गिरवलंय.

दूध सोसत नाही म्हणून मी ते कायमचं सोडलं होतं. अस्तर भरून आलं की दूध पचवणारं विकरही बऱ्याच जणांत परत तयार होतं, असं सांगून त्यांनी चौथ्या महिन्यात अर्ध्या कपाने सुरुवात करून दिली. आता रोज घेते, त्रास नाही. घरच्यांसोबत वापरत असलेला टोस्टर मात्र, त्यात गव्हाच्या पावाचे कण राहतात म्हणून, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बदलायला लावला.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. दुसऱ्या महिन्यात मॅडम रजेवर असताना सहायकाने वजन घटवण्याचा ठरावीक तक्ता पाठवला. त्यात मंगळवारी रात्री बार्लीचं सूप होतं! बार्लीत ग्लुटेन असतं, हे सिलिअ‍ॅक रुग्णांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे. मी वाचून ओळखलं, पण निदान होऊन आठवडाच झालेला माणूस ते मुकाट्याने पिऊन मोकळा झाला असता. उत्तर यायला दोन दिवस लागले. मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली आणि त्यानंतर प्रत्येक तक्ता त्यांच्या नजरेखालून येऊ लागला. दुसरं, यांच्या अ‍ॅपमध्ये वजन वाढलं की आकडा लाल होतो. उपासमारीतून बाहेर येणाऱ्या रुग्णाला तो लाल रंग दाखवणं चूक आहे. मी दोनदा कळवलं, अजून बदललेलं नाही.

आज वजन ५७ आहे. टीटीजी पहिल्यांदाच मर्यादेच्या आत आलं, फेरिटिनही सुधारलं. ५४ व्हायलाच हवं का, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, मग बोलू. ती पुढच्या महिन्यात आहे. लेकीची रक्ततपासणीही त्यांनीच आठवण करून करवून घेतली, कारण आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त असते. तपासणी होईपर्यंत तिचा गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो, हेही त्यांनी बजावलं होतं.

पाचपैकी चार तारे. नाव नोंदवणार असाल तर तक्ता कोण बनवणार आणि कोण तपासणार, हे पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या.